डिझेलच्या टाकीचं झाकण

अण्णा,

परवा जावयाची गाडी बंद पडली. उंच, दांडगी, डिझेलची गाडी आहे, तुमच्या जीपच्या दुप्पट दिसते. घोडबंदर रोडला तिनं तीनदा दचके खाल्ले आणि समोर एक पिवळा दिवा लागला. दिव्यावर गाळणीसारखं चित्र आणि त्याखाली थेंब. कशीबशी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाला मी म्हटलं, "फिल्टरमध्ये पाणी साठलंय. खालचा स्क्रू सोडून काढून टाका, बहुतेक चालू होईल." त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. जावयाला म्हणाला, "सर, स्कॅन करना पडेगा." जावई हसून मला म्हणाला, "आई, तुम्ही आत एसीत बसा." मी बसले. त्यांचा बेचव चहा प्यायले. तासाभरानं तो माणूस हातात कागद घेऊन आला आणि म्हणाला, "सर, फिल्टर में पानी था." सांगितलं सरांना. घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. जावयाला वाटलं मी त्याच्यावर चिडलेय, बिचारा दोनदा पाणी हवंय का विचारून गेला. त्याच्यावर नव्हते चिडले. त्या वर्कशॉपवाल्यावरही नाही. मी तुमच्यावर चिडले होते. तुम्हाला जाऊन विसाहून जास्त वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी डिझेलचा वास आला की माझं डोकं पहिल्यांदा तुमच्यावरच फिरतं.

फिल्टरमधलं पाणी मला कोणी शिकवलं? तुम्हीच. बस डेपोतली मेकॅनिकची नोकरी मुदतीआधी सोडून तुम्ही मुंबईतली चाळीतली खोली विकलीत, मीरा रोडला फ्लॅट घेतलात आणि जुनी डिझेल जीप दारात आणून उभी केलीत, तेव्हा आपल्या बिल्डिंगच्या मागे सगळं खाजण होतं. पलीकडे मिठागरं. आईच्या टाचण्यांनासुद्धा महिन्याभरात गंज चढायचा. तुम्ही त्या हवेला शत्रूच मानलं होतं. भाडं कसलंही असो, उत्तनचं लग्न, मुर्ध्याचा आजारी माणूस, रविवारी समुद्रावर जाणारी मंडळी, जीप निघण्याआधी तुम्ही बॉनेट उघडून फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करायचात आणि त्यातून पडलेले पाण्याचे थेंब मला दाखवायचात. "बघ, ही खारी हवा. टाकीत शिरते, पाणी होते, पंप खाते." डिझेल गाडीला दोनच गोष्टी लागतात, स्वच्छ डिझेल आणि स्वच्छ हवा, बाकी ती तुझ्या आईसारखी, काही मागत नाही, चालत राहते, असं तुम्ही म्हणायचात. आई आतून भांडं आपटायची.

तुमचे डोळे अधू व्हायला लागले होते, पण चष्मा लावायची लाज. म्हणून व्हॉल्व्हची फट मोजायला तुम्हाला माझे डोळे लागायचे. आधी नुसतं "वाच काय लिहिलंय पट्टीवर" एवढंच, मग "तूच घाल पट्टी", मग "आता तूच आवळ". बारावी झाल्यावर तुम्ही मला तुमच्या डेपोतल्या दिवसांतला तो फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा दिलात. बाकीच्या मुलींना घड्याळं मिळाली होती. मी तो जुडगा उशाशी घेऊन झोपले होते, हे तुम्हाला ठाऊक नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला सिलेंडर रुसलाय ते मी सांगायची, आणि तुम्ही बिल्डिंगमधल्या गुजराती शेठना म्हणायचात, "सुना क्या? मेरी बेटी का कान है कान." माझ्या कानाचं कौतुक तुम्ही अख्ख्या कॉलनीत केलंत. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

फॉर्म तुम्ही आणलात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे तुम्ही आईला सांगायचात की पोरीच्या डोक्यात कुठून खूळ शिरलं कोण जाणे. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या कोर्सचा फॉर्म, तुम्ही स्वतः दोन बस बदलून जाऊन आणलात, आणि चप्पल काढायच्या आधी दारातूनच ओरडलात, "मुलींनाही घेतात! मी विचारून आलोय!" मी एकवीस पूर्ण केली होती. आई म्हणाली, "लग्न कोण करेल हिच्याशी, नखात काळं घेऊन फिरणारीशी?" तुम्ही म्हणालात, "ज्याची गाडी बंद पडेल तो करेल." मी त्या दिवशी जितकी हसले तितकी नंतर कधी हसले असेन असं वाटत नाही. फॉर्म मी सगळा भरला. फक्त पालकांच्या सहीची जागा राहिली. तुम्ही म्हणालात, तारोडीचं लग्नाचं भाडं उरकू दे, मग निवांत बसून करतो, सही अशी उभ्या उभ्या करायची नसते.

मग तो शनिवार. दुसऱ्या दिवशी तारोडीहून नवरी घेऊन भाईंदरच्या चर्चला जायचं होतं, म्हणून जीप धुतली, टाकी काठोकाठ भरून आणली. त्या शनिवारी जीपची दोन कामं झाली. खाली कंपाउंडमध्ये मी डिझेल फिल्टर बदलला आणि वर स्वयंपाकघरात तुम्ही टाकीचं झाकण घेऊन बसलात. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. खारी हवा तिथूनच आत जाते, असा शोध तुम्ही लावला होता. आईच्या गॅसवर डागणी तापवून तुम्ही त्या भोकावर कथलाचा डाग दिलात आणि ते कायमचं बुजवलंत. घरभर वास. आई म्हणाली, "उद्या वरणाला पण हाच वास येईल." तुम्ही झाकण उजेडात धरून मला दाखवलंत, "बघ, आता मुंगीचा श्वाससुद्धा आत जाणार नाही." मीही म्हटलं, वा! तीस वर्षं डेपोत इंजिनं खोललेल्या माणसाला ते भोक कशासाठी ठेवलेलं असतं ते सुचलं नाही. टाकीतून जेवढं डिझेल इंजिन ओढतं तेवढी हवा वरून आत यावी लागते, नाहीतर टाकी डिझेल सोडत नाही. हे मी आज सांगतेय. तेव्हा मलाही सुचलं नाही, पण मी शिकत होते, तुम्ही शिकवत होता.

फिल्टर मी नीट बदलला होता, अण्णा. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, ती काढावी लागते. वरचा स्क्रू सैल करून मी हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग, काचेसारखं डिझेल. तरी मी आणखी वीस वेळा पंप मारला आणि मगच स्क्रू आवळला. तुम्ही वरून खिडकीतून विचारलंत, "एअर काढलीस?" मी म्हटलं, "काढली."

रविवारी तुम्ही मला बरोबर घेतलंत. चल, लग्नाचं जेवण मिळेल. जाताना जीपनं एक-दोन दचके दिले, तुम्ही म्हणालात, अजून गरम नाही झाली. तारोडीला तासभर थांबलो, नवरीचं आवरत होतं. मग पांढऱ्या झग्यातली नवरी, तिची आत्या, करवल्या, सगळे मागे खच्चून बसले आणि निघालो. मधल्या चढावर जीपनं आचके दिले आणि ती बंद पडली. मी उडी मारून बॉनेट उघडते, स्क्रू सोडते, हातपंप मारते. पंप जड चालतोय, जसं कोणी दुसऱ्या टोकाला ओढून धरलंय. डिझेल येतंय, थोडंथोडं येतंय, पण बुडबुडा एकही नाही. मी तुम्हाला हाक मारते, "अण्णा, एअर नाहीये. हे बघा, एकसुद्धा बुडबुडा नाही." तुम्ही बघतच नाही. तुमच्या भोवती आत्या, करवल्या आणि मागून आलेल्या मासळीच्या टेम्पोतून उतरलेली माणसं उभी आहेत. आत्या म्हणते, "अण्णा, काय झाला गाडीला? फादर थांबनार न्हाय आमचेसाठी." आणि तुम्ही कपाळाचा घाम पुसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "काल पोरीनं फिल्टर बदलला. एअर ठेवली असणार तिनं."

ती आत्या माझ्याकडे वळली. "पोरीचे हातान कशाला दिली गाडी? शिकाला आमचाच लगीन मिळाला काय तुला?" मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणाल, तिचा हात चांगला आहे, दुसरं काही असेल. तुम्ही हातपंपाशी खाली मान घालून उभे. नवरीला शेवटी त्याच टेम्पोत बसवलं. झगा गुडघ्यापर्यंत वर धरून ती चढली, वळून माझ्याकडे बघितलं आणि तीच एकटी म्हणाली, "जाव दे गो, गाडी हाय ती." सगळे गेले. आपण दोघं चढावर उरलो. वीस-पंचवीस मिनिटांनी तुम्ही सहज चावी फिरवली आणि जीप एका झटक्यात चालू झाली. "बघ, गेली एअर." मी म्हटलं, "गेली कुठून? स्क्रू तर बंद आहेत." तुम्ही म्हणालात, "उलट बोलू नकोस." लग्नाचं जेवण आपण जेवलो नाही.

त्या आठवड्यात मी फॉर्म तुमच्यासमोर ठेवला. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही तो बोटानं परत माझ्याकडे सरकवलात. "जिला एक फिल्टर धड बदलता येत नाही, तिनं काय इंजिनं खोलायची? टायपिंग शीक. त्यात कोणाचं लग्न अडत नाही." एवढंच. आवाज चढवला नाहीत, ओरडला असतात तर मी भांडले तरी असते. तुम्ही ते अगदी भाकरी वाढ म्हणावं तसं म्हणालात. त्या दिवसापासून बॉनेट उघडलं की तुम्ही मला हाक मारेनासे झालात. चष्मा केलात. माझ्या डोळ्यांची गरज संपवायला तुम्हाला अखेर चष्मा चालला!

जीप मात्र बंद पडतच राहिली. दर वेळी तसंच, अर्धा तास चालणार, चढावर दचके देणार, थांबणार, आणि थोड्या वेळानं, टाकीत कुठूनतरी हवा झिरपली की, आपोआप चालू होणार. आता फिल्टर तुम्ही स्वतः बदलत होता, तेव्हा एअर कोणी ठेवली, हे कोणी विचारलं नाही. तुम्ही नळ्या बदलल्यात, वॉशर बदललेत. पंप उतरवून दहिसरच्या पंपवाल्याकडे नेलात. त्यानं मशीनवर लावून बघितला आणि तो म्हणाला, "अण्णा, पंप बिलकुल ठीक है. आप टंकी से चेक करो." तुम्ही घरी येऊन त्यालाच अडाणी म्हणालात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या फॉर्मची शेवटची तारीख याच धावपळीत येऊन गेली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मी भाजी घेऊन आले. दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात गॅसपाशी उभे होता. एका हातात सांडशीत धरलेलं टाकीचं झाकण, दुसऱ्या हातात आईचा गोणी शिवायचा दाभण, टोक लालबुंद. त्या टोकानं तुम्ही कथलाचा डाग वितळवून भोक पाडत होता. मी दारात उभी राहिले. तुम्ही मला पाहिलंत. मी सगळं पाहतेय हेही तुम्ही पाहिलंत. आणि तुम्ही म्हणालात, "दार लाव, वाऱ्यानं गॅस विझेल."

दार लाव! पाच आठवडे मी रोज मनात तो फिल्टर पुन्हा पुन्हा बदलत होते, फेस, बुडबुडे, सलग डिझेल, मग स्क्रू. कुठे चुकले ते शोधत होते. एखादा बुडबुडा राहिला असेल, मीच नीट पाहिलं नसेल, असं स्वतःला पटवत आणलं होतं. आणि तुम्हाला सांगायला एवढंच सापडलं. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन ते झाकण काढलं, तोंडाला लावलं आणि फुंकलं. हवा आरपार गेली. त्यानंतर जीप कधीही चढावर थांबली नाही.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "त्यांना कळलंय गं सगळं. चार दिवस झाले, जेवण गोड लागत नाहीये त्यांना. पण बापानं लेकीपुढे काय बोलायचं?" मी म्हटलं, "चुकलं म्हणायचं." आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी सूर्याला उतरून ये म्हणत होते. मग तुम्ही काय केलंत, तर एका संध्याकाळी जिलबी आणलीत, माझ्यापुढे पुडा ठेवून म्हणालात, "उद्या व्हॉल्व्हची फट बघायचीय. येतेस?" मी म्हटलं, "टायपिंगचा क्लास आहे." आई मरेपर्यंत म्हणायची, ती त्यांची माफीच होती. असेल. मला ती पोचली नाही. चार लोकांत माझं नाव घेऊन चूक सांगता येते, आणि घरात, बंद दारामागे, एक वाक्य बोलता येत नाही? तुम्ही तारोडीला जाऊन त्या आत्याला सांगायला हवं होतं असंही मी म्हणत नाही. मला सांगितलं असतंत तरी पुरे होतं. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म निघाले होते, तेव्हा तरी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत आणि संन्याशाच्या पुढ्यात जिलबी ठेवलीत.

मी टायपिस्ट झाले, मग क्लार्क, मग हेडक्लार्क. तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा शेवटचे आठ दिवस मीच तुमच्याजवळ होते. रोज वाटायचं, आज बोलाल. तुम्ही सगळ्यावर बोललात. सोसायटीच्या सेक्रेटरीवर, नर्सच्या हातावर, भाताच्या गिचक्यावर. एकदा माझं मनगट धरलंत. मी वाकले. तुम्ही म्हणालात, "जीप उभी आहे, फिल्टरमधलं पाणी काढत जा. नाहीतर पंप जाईल." मी म्हटलं, "काढते." मनगट सोडून तुम्ही कुशीवर वळलात. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग जिवंत असताना धरू दिला होतात का?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून आणखी एक लिहिते. हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, मुलीला नाही. सगळ्यांना मी इतकी वर्षं हेच सांगत आले की वडिलांनी सही केली नाही म्हणून माझं राहिलं. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी तो घेऊन आयटीआयमध्ये गेले होते. तुम्हाला क्लासला जाते म्हणून सांगितलं. शेडमध्ये एक इंजिन खोलून ठेवलेलं होतं, भोवती सगळी मुलं, आणि मी आत शिरल्यावर ती सगळी बोलायची थांबली. खिडकीवरच्या क्लार्कनं फॉर्म उलटसुलट पाहिला. "पालकांची सही नाहीये," मी म्हटलं. तो म्हणाला, "वय किती? एकवीस ना? मग पालक कशाला लागतात? स्वतःची सही करा खाली आणि द्या इथे." त्यानं कानावरचं पेन काढून माझ्यापुढे धरलं. ती मुलं अजून बघत होती. मी म्हटलं, "उद्या येते." तो म्हणाला, "अहो, उद्या बंद आहे, आजच शेवटचा दिवस." ते मला माहीत होतं.